नाव आधी, गोष्ट नंतर

उत्पत्तीच्या पुस्तकात बएर-शेबा हे नाव दोनदा पडते. एकविसाव्या अध्यायात अब्राहाम आणि अबीमलेख विहिरीचा तंटा मिटवतात, सात कोकरी बाजूला काढली जातात, शपथ होते. हिब्रूत ‘शेबा’ म्हणजे सात, आणि शपथ घेण्याचे क्रियापदही त्याच अक्षरांचे. पाच अध्यायांनंतर इसहाकाचे चाकर विहिरीला पाणी लागल्याचे सांगत येतात आणि तेच नाव नव्याने पडते, जणू पहिली हकिकत कुणी ऐकलीच नव्हती. श्रद्धाळू भाष्यकारांकडे याला उत्तर आहे: बापाच्या बुजलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणून त्यांना जुनीच नावे दिली, असे तिथेच लिहिले आहे. पण मग नव्या कारणाची गरज का पडावी? लूजचे बेथेल हे नामकरणही याकोब दोनदा करतो. याचा सरळ अर्थ असा दिसतो की नावे आधीपासून रुळलेली होती आणि गोष्टी त्यांच्या शोधात मागाहून आल्या. आपल्याकडची स्थळमाहात्म्ये वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये.

पडताळा घ्यायला बाबेल सोयीचे, कारण तिथे दुसऱ्या भाषेची साक्ष मिळते. हिब्रू कथाकार हे नाव ‘बालल’, म्हणजे कालवणे, घोटाळा करणे, या धातूशी जोडतो. खुद्द बाबिलोनचे लोक मात्र आपल्या नगराला ‘बाब-इली’, देवाचे द्वार, म्हणत. कथाकाराला हे ठाऊक नसेलच असे नाही. साम्राज्याच्या राजधानीला तिच्याच नावातून टोमणा मारण्याची संधी त्याने सोडली नाही, इतकेच.

यरुशलेमचे प्रकरण अधिक खोल जाते. ‘शांतीचे नगर’ हा अर्थ इतका मुरला आहे की नव्या करारातील इब्री लोकांस पत्रही शालेमच्या राजाला शांतीचा राजा म्हणते. परंतु इ.स.पू. एकोणिसाव्या-अठराव्या शतकातील इजिप्शियन शापलेखांत हे नाव येते, आणि इ.स.पू. चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांत तिथला राजा अब्दी-हेबा फारोकडे मदत मागताना आपल्या नगराला ‘उरुसलिम’ म्हणतो. दावीद अजून काही शतके दूर होता. पहिल्या भागात ‘पाया घालणे’ हा धातू आणि दुसऱ्यात शालेम हा देव, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात; उगारित येथे सापडलेल्या लेखांत शाहार आणि शालिम, पहाट आणि सांज, ही देवांची जोडी आहेच. ‘शांती’चा धातूही तोच, त्यामुळे लोकांचा अर्थ अगदीच उपरा नाही. मात्र नगराला नाव मिळाले ते बहुधा कनानी देवामुळे.

असे देव नकाशावर जागोजाग बसले आहेत. बेथ-शेमेश हे सूर्याचे घर, बेथ-अनाथ हे अनाथ देवीचे. यावर एक आक्षेप वजनदार आहे. ‘बाल’ म्हणजे नुसता धनी, स्वामी. होशेयाच्या ग्रंथात खुद्द परमेश्वरालाही लोक तसे हाक मारत असल्याची खूण आहे. तेव्हा बाल-पराजीमसारख्या नावावरून परक्या देवाची पूजा सिद्ध होत नाही, आणि हे मान्यच करायला हवे. अनाथ हे मात्र देवीचे विशेषनाम आहे. ते असे टाळता येत नाही.

उलट बाजूला, सगळीकडे देवच शोधणेही फसवे. गेबा, गिबा, गिबोन या तिघांचा अर्थ टेकडी, रामा म्हणजे उंचवटा. गिल्गालला यहोशवाच्या पुस्तकात ‘लोटून दिलेली अप्रतिष्ठा’ असे कारण मिळते. पण त्या नावाची ठिकाणे एकाहून अधिक आहेत, तेव्हा दगडांचे वर्तुळ हाच अर्थ अधिक पटतो.

नावे इतकी चिवट असतात का, ही शंका उरते. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन आणि एली स्मिथ पॅलेस्टाइनमधून फिरले तेव्हा बेइतीनमध्ये बेथेल आणि सेलूनमध्ये शिलो त्यांना अरबी शेतकऱ्यांच्या तोंडी ऐकू आले. अल-जीब म्हणजे गिबोन, हा त्यांचा तर्क. 1956 पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केले आणि ‘गिबोन’ कोरलेल्या रांजणांच्या मुठीच हाती आल्या. ही पद्धत बिनचूक नाही. शखेमजवळ रोमनांनी वसवलेले निआपोलिस आज नाब्लुस म्हणून नांदते आणि जुने नाव तिथल्या बोलीतून मागे पडले. शिवाय वस्ती सरकली की नावही तिच्याबरोबर सरकते. तरी गावोगावचा मेळ योगायोग म्हणून झटकता येत नाही.

नाव बदलण्याचे प्रयत्न शास्त्रातही आहेत. गणनाच्या पुस्तकात नबो आणि बाल-मौन यांची नावे बदलल्याचा उल्लेख आहे, पण पुढच्या ग्रंथांत ती जुन्याच नावांनी भेटतात. स्वर्गाच्या राणीला नैवेद्य दाखवणाऱ्यांवर आग पाखडणारा यिर्मया अनाथोथचा होता. त्या नावात अनाथ देवी उघड बसली आहे; ते कुणी बदलले नाही, आणि यरुशलेमच्या ईशान्येला आजच्या गावाचे नाव अनाता आहे.