जोर नाही, तरी जिंकतात कसे?

सकाळी साडेसहाला टेनिस कोर्टावर हमखास दिसणारा सामना. एका बाजूला जिममध्ये दंड कमावलेला तिशीतला तरुण. समोर साठीकडे झुकलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ. त्यांची सर्व्हिस म्हणजे चेंडू कसाबसा जाळीपलीकडे पोचवणे आणि बॅकहँड विळ्याने गवत कापावे तसा. तासाभराने तरुण हरतो आणि म्हणतो, ‘आज माझा खेळच झाला नाही.’ तो होऊ न देणे, हेच तर समोरच्याचे काम असते!

यात जादू नाही, मज्जासंस्थेचे शास्त्र आहे. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणून सरावलेला खेळाडू चेंडू निघण्याची वाट पाहत नाही. प्रतिस्पर्ध्याचा खांदा, कंबर आणि रॅकेट पाहून मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि पाय हलू लागतात. पण हे अंदाज तो पुस्तकी फटके पाहून शिकलेला असतो. कुणी दोन्ही बाजूंनी दोन हातांनी खेळतो, कुणी रॅकेट लाटण्यासारखी धरतो, कुणी फोरहँडचा आव आणून चेंडू हळूच जाळीजवळ टाकतो. अशा वेळी मेंदूच्या साठ्यात जुळणारा नमुनाच सापडत नाही आणि पाऊल अर्धा क्षण उशिरा पडते. डावखुऱ्यांचा फायदाही बराचसा याच कारणाने होतो.

दुसरी गोष्ट वेगाची. जोरात आलेला चेंडू स्वतःचा वेग घेऊन येतो. रॅकेट नीट समोर धरली तरी त्यातला काही वेग परत मिळतो. मंद चेंडूत असे उसने काहीच नसते, सगळा जोर स्वतःचे पाय, कंबर आणि खांदा यांतून काढावा लागतो. उलटी फिरकी दिलेला चेंडू टप्प्यानंतर खालीच राहतो, त्यासाठी दर वेळी गुडघे वाकवावे लागतात. शिवाय हाताशी वेळ जास्त असल्याने मोह होतो. तरुण पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवतो आणि चेंडू रेषेबाहेर! हौशी टेनिसमध्ये बहुतेक गुण असे चुकांतूनच मिळतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र हौशी खेळातले नाही. १९७५च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ३१ वर्षांच्या आर्थर अ‍ॅशसमोर २२ वर्षांचा जिमी कॉनर्स होता. त्याआधीचे तिन्ही सामने अ‍ॅश हरला होता. त्या दिवशी त्याने आपला नेहमीचा जोरकस खेळ बाजूला ठेवला. कॉनर्सच्या फोरहँडला खाली राहणारे मंद चेंडू दिले, तो पुढे आला की डोक्यावरून लॉब टाकले आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा सामना जिंकला. आपल्याकडचे रामनाथन कृष्णन तर १९६० आणि १९६१ मध्ये सलग दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, तेही साध्या सर्व्हिसवर आणि हाताच्या हळुवार कसबावर.

पन्नाशीनंतर हा खेळ केवळ डावपेच राहत नाही, शरीराची ती गरजच होते. झटक्यात जोर लावणारे स्नायुतंतू वयानुसार आक्रसतात, कंडरा कमी लवचीक होतात. तरीही तरुणाशी ताकदीने भिडायला गेले की चेंडू उशिरा रॅकेटवर येतो, मनगट वाकते आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला त्याच त्या कंडरेला हिसका बसतो. हाच तो टेनिस एल्बो. कपाचा कान धरतानाही कळ येऊ लागली की फक्त पट्टा बांधून खेळत राहू नये. काही आठवडे फटके कमी करावेत आणि मनगटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. चेंडू अंगासमोर, लवकर घ्यावा. दोन हातांचा बॅकहँड हा भार वाटून घेतो, दिसायला कसाही असो.

एक गोष्ट मात्र कोणत्याच डावपेचाने चुकवता येत नाही. तोच अ‍ॅश १९७९ मध्ये, विम्बल्डन जिंकून चार वर्षेच झाली असताना, हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात पोचला. वय ३६, अंगावर चरबी नाही, पण कुटुंबात हृदयविकार होता. त्याच वर्षी त्याची बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे तरुणांना कोर्टभर पळवणाऱ्या काकांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. खेळताना छातीत जड वाटले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर सेट अर्धवट सोडावा आणि थेट रुग्णालय गाठावे.