पिसाची अरुंद बाजू

कोतवाल पक्ष्याचे गळून पडलेले पीस धुऱ्यावर सापडले, तर ते पंखाचे की शेपटीचे, याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी बांधता येतो. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंची पाती किती रुंद आहेत, एवढेच पाहायचे. एक बाजू अगदी अरुंद असेल, तर पीस बहुधा पंखाच्या टोकाचे. दोन्ही बाजू सारख्या असतील, तर शेपटीच्या मधले. हीच कसोटी पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या पिसालाही लावतात.

पिसाचे पाते अखंड दिसते, पण ते शेकडो बारीक काड्यांचे असते. प्रत्येक काडीला तंतू आणि तंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. विस्कटलेले पीस चिमटीत धरून टोकाकडे ओढले, की आकडे पुन्हा एकमेकांत अडकतात आणि पाते सांधले जाते. तारेवर बसलेला पक्षी चोचीने पिसे साफ करतो, तेव्हा हेच काम चाललेले असते.

उडण्याची मोठी पिसे पंखाच्या हाडांनाच जखडलेली असतात. पंजाच्या हाडांवरची पिसे बहुतेक पक्ष्यांत दहाच्या आसपास असून ती पक्ष्याला पुढे रेटतात. कोपर ते मनगट या भागातली पिसे त्याला हवेत तोलून धरतात. उडताना हवेचा जोर पात्याच्या पुढच्या भागावर अधिक पडतो. दांडा त्या बाजूला सरकलेला असला, तर पीस पिळवटत नाही. म्हणून पुढची बाजू अरुंद आणि मागची रुंद असते. उड्डाण सोडलेल्या शहामृगाच्या पिसांत हा फरक उरलेला नाही.

शेपटीत बहुधा बारा पिसे असतात, कोतवालाला दहाच. मधली जोडी समतोल असते आणि कडेकडे जावे तसे बाहेरचे पाते अरुंद होत जाते. शेपटी पसरली की वेग मंदावतो आणि वळण घेता येते. मिटली की हवेचा अडथळा कमी होतो. राळेगाव तालुक्यात पऱ्हाटीत डवरा फिरू लागला, की उडालेले किडे टिपायला कोतवाल मागोमाग येतो. त्याच्या दुभंगलेल्या शेपटीत मधली पिसे आखूड, तर कडेची लांब आणि बाहेर वळलेली. झेप घेऊन किडा पकडताना ती कात्रीसारखी उघडते आणि तो जागच्या जागी गिरकी घेतो.

इतरांनी हीच पिसे वेगळ्या कामाला लावली. वेड्या राघूची मधली दोन पिसे तारेसारखी बारीक होऊन पुढे आलेली असतात. सुतार पक्ष्याची पिसे कडक आणि टोकदार असतात. खोडावर चढताना तो त्यांवर भार देऊन टेकतो. मोराचा पिसारा मात्र शेपटी नव्हेच. ती शेपटीच्या बुडावरची, अतोनात वाढलेली दोनशेहून अधिक आच्छादक पिसे. खरी शेपटी वीस पिसांची असते आणि पिसारा फुलतो तेव्हा ती मागून टेकू देते.

पिसे झिजतात, म्हणून ठरावीक काळाने बदलतात. बहुतेक पक्ष्यांत दोन्ही पंखांतली समोरासमोरची पिसे सोबतच गळतात, त्यामुळे तोल जात नाही. सुतार पक्षी शेपटीची मधली जोडी सर्वांत शेवटी टाकतो, कारण टेकू तिचाच असतो. अनेक बदकांची पंखातली सगळी मोठी पिसे एकदम झडतात आणि त्यांना काही आठवडे उडताच येत नाही.

जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत 1861 मध्ये एका पिसाचा ठसा मिळाला. जीवाश्मांचे अभ्यासक हर्मन फॉन मायर यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याच वर्षी आर्किऑप्टेरिक्स या प्राचीन पक्ष्याचा सांगाडाही पुढे आला. त्याच्या पंखातली पिसे एका बाजूला अरुंद होती. शेपूट मात्र सरड्यासारखे लांब होते. त्यात वीसहून अधिक मणके आणि त्यांच्या दोन्ही अंगांना पिसे. चीनच्या लिआओनिंग प्रांतातून 1998 मध्ये वर्णन झालेल्या कॉडिप्टेरिक्स या डायनोसॉरच्या शेपटाच्या टोकाला पिसांचा पंखा होता; पण ती पिसे समतोल होती आणि हात आखूड, म्हणजे उड्डाण नाही. तिथल्याच मायक्रोरॅप्टर या डायनोसॉरच्या हातांवर आणि पायांवरही असमान पिसे होती. पिसे आधी आली, उड्डाण नंतर. ऊब आणि दिखावा ही त्यांची जुनी कामे असावीत.

पुढे शेपटातले मणके कमी होत गेले आणि शेवटचे जुळून एक छोटे हाड बनले. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या कन्फ्युशिअसॉर्निस या पक्ष्यात ते दिसते आणि त्याच्या काही नमुन्यांत शेपटीला दोन लांब पिसेही आहेत. आजच्या पक्ष्यांत शेपटीची पिसे याच हाडाभोवतीच्या मांसल गोळ्यात रुतलेली असतात. लांब शेपटाचा भार गेला आणि हवे तेव्हा उघडणारा-मिटणारा हलका पंखा हाती आला.

राळेगावच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे लांब मानेच्या डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडली आहे. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले. पिसाचा ठसा उमटायला मात्र संथ पाण्याच्या तळाचा मैद्यासारखा बारीक गाळ लागतो. पिसदुऱ्याचे ते महाकाय प्राणी चरत होते, तोवर आखूड शेपटीचे पक्षी जगात कोट्यवधी वर्षे उडत आलेले होते.