काळाभोर ऊस आणि आपली नजर



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही गटात पाहणीला हिंडत होतो. एका सभासदांनी बांधावर हात करून गाडी थांबवली. "साहेब, आमच्या उसाला काय झालंय ते बघा. पिवळा पडत चाललाय." आम्ही फडात शिरलो. पूर्वहंगामी को 86032 ची लागण, कांडी चांगली भरलेली, कीड नाही, रोग नाही. पान जरा फिकट हिरवे होते, पण दहा-अकरा महिन्यांच्या उसाचे ते तसेच असते. "पिवळा कुठे आहे?" आम्ही विचारले. त्यांनी बांधापलीकडे बोट केले. शेजाऱ्याचा ऊस काळाभोर, पाने नुसती लपलपत होती. "त्याच्यापुढं आमचा आजारी वाटतोय. दोन पोती युरिया फेकू का?"

त्या दिवशी आम्ही त्यांना नको म्हणून सांगितले. पण परतताना मनात विचार आला, की हा प्रश्न खताचा कमी आणि रंगाचा जास्त आहे. रंग दिसला की माणसाचे मन आधी हलते आणि हिशेब मागून येतो. याविषयी आम्ही थोडे वाचन केले, ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

रंगाविषयी बोलले जाते त्यातले बरेच पोकळ आहे, हे आधी सांगून टाकतो. लाल रंग पाहून बैल उधळतो म्हणतात. बैलाच्या डोळ्याला लाल रंग आपल्यासारखा वेगळा ओळखूच येत नाही. तो बिचकतो ते हलणाऱ्या फडक्याला. बेंदराला आपण शिंगे लालभडक रंगवतो, ते कौतुक आपले आपल्यालाच. तसेच 1979 साली अमेरिकेत सिॲटल येथील नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली. दंगेखोर कैदी तिच्यात शांत होतात असा बोलबाला झाला आणि ठिकठिकाणचे तुरुंग गुलाबी झाले. पुढे स्वित्झर्लंडमधील कैद्यांवर नीट तुलना करून पाहिली. 2015 साली तिचा निष्कर्ष छापून आला, की पांढऱ्या कोठडीच्या मानाने गुलाबी कोठडीत काही फरक पडत नाही.

पण सगळेच पोकळ नाही. आपल्या भागात कुस्तीचे शौकीन पुष्कळ, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतो. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्ती, मुष्टियुद्ध आणि तायक्वांदो या खेळांत लाल की निळा पोशाख हे खेळाडूच्या हाती नव्हते, ते आधीच ठरत असे. इंग्लंडमधील दोन संशोधकांनी निकाल मोजले, तर शंभरातल्या सुमारे 55 लढती लालवाल्यांनी मारलेल्या. 2005 साली ही बातमी गाजली. पुढच्या अनेक स्पर्धांचे आकडे एकत्र केल्यावर मात्र हा फरक जवळजवळ उरला नाही. त्याहून बोलका प्रयोग 2008 साली जर्मनीत झाला. तायक्वांदोच्या 42 अनुभवी पंचांना लढतींच्या चित्रफिती दाखवल्या आणि गुण द्यायला सांगितले. मग त्याच लढती पुन्हा दाखवल्या, फक्त दोघांच्या पोशाखाचे रंग आपसात बदलून. लढत तीच, डाव तेच. तरी लाल दिसणाऱ्याला सरासरी 13 टक्के गुण जास्त मिळाले. पंच काही लबाड नव्हते. त्यांचा डोळाच एका बाजूला झुकला.

आता गुऱ्हाळावर या. (कारखान्याच्या अंकात गुऱ्हाळाचे नाव काढले म्हणून संचालक मंडळाने रागावू नये.) सौद्यात पिवळ्याधमक गुळाची ढेप आली की बोली चढते, तांबूस-काळपट गूळ मागे राहतो. चव घेण्याआधीच भाव ठरतो. म्हणून काही जण काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. गूळ उजळतो, पण गंधकाचा अंश त्यात उतरतो आणि साठवणीत तोच गूळ पुन्हा काळवंडतो. भेंडीचा चिकट रस घालून मळी नीट काढलेला गूळ थोडा गडद असला तरी खायला केव्हाही चांगला. पण तिथेही पंच डोळाच.

आपल्या फडात पंच आपण स्वतः, आणि शेजारचा फड डोळ्यापुढे असतो. पॅरिसच्या प्रसिद्ध गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रूल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग नीट बसत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर काळ्या धाग्यात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो फिका भासत होता. 1839 साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ काढला. काळ्याभोर फडाशेजारी आपला निरोगी ऊस पिवळा वाटतो, ते याच कारणाने.

या भासाची किंमत रोख मोजावी लागते. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 340 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 136 किलो. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर 45 किलोची सुमारे साडेसहा पोती झाली. लागणीला दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी 40 टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले 40. बांधणी झाली की युरियाचे काम संपले. त्यानंतर टाकलेले नत्र उसाला पुन्हा वाढीला लावते. पान काळेभोर होते, पाहून जीव सुखावतो. पण पक्वता लांबते, साखर भरत नाही, ऊस लोळतो आणि लुसलुशीत पानावर मावा बसतो. वजनावर पैसे मिळतात, उताऱ्याचं कुणाला पडलंय, असे काही सभासद तोंडावर म्हणतात. एफ.आर.पी. साऱ्या कारखान्याच्या उताऱ्यावर ठरते, त्यात यांचाही दर आला.

पिवळेपणा खरा असेल तर तो कुठे आहे ते पाहावे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडल्याची शंका घ्यावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हा हमखास दिसतो. त्यावर युरिया कितीही ओता, उपयोग नाही. एकरी दहा किलो हिराकस दहापट शेणखतात मुरवून सरीत द्यावे. आणि सरीत पाणी तुंबले असेल तर खताचे नाव काढू नये, आधी चर काढावा.

भातासाठी फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पानाचा हिरवेपणा ताडून पाहण्याची रंगपट्टी प्रचारात आणली आहे. ती वापरताना पानावर आपल्या अंगाची सावली धरायची असते, कारण उन्हातही रंग फसवतो. उसासाठी अशी पट्टी आपल्याकडे सर्रास वापरात नाही. तोवर माती परीक्षण करावे, आणि खत कधी किती टाकले ते वहीत लिहून ठेवावे.

त्या सभासदांनी युरिया टाकला नाही. तोडणीआधी आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन दोन्ही फडांत गेलो. शेजाऱ्यांनी भादव्यात युरिया फेकला होता, ते त्यांनी हसत कबूल केले. त्यांच्या काळ्याभोर उसाचा ब्रिक्स कमी भरला, या फिकट उसाचा जास्त. दोघांनीही आळीपाळीने डोळा लावून खात्री करून घेतली. बांधावर परत आल्यावर आमचे सभासद पुन्हा एकदा पलीकडे बघत म्हणाले, "ते सगळं खरं साहेब. पण दिसायला त्याचाच भारी!"

— ऊस विकास अधिकारी