अंतिम इच्छेचा वाली

जोतीराव फुले यांचे मृत्युपत्र मी वाचतो ते इस्टेटीसाठी नव्हे, देहाविषयीच्या एका इच्छेसाठी. १८८७ साली त्यांनी ते रीतसर नोंदवले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, असे त्यांनी सांगून ठेवले होते. पुण्यातल्या राहत्या घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. याच नगरपालिकेचे ते पूर्वी सदस्य होते. अखेर दहन करावे लागले. दत्तक पुत्र यशवंताच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. अस्थी मात्र घरामागच्या त्याच जागी ठेवल्या गेल्या.

लेख पक्का होता. जागा नियमात बसली नाही. पाठीशी माणूस होते म्हणून उरले तेवढे साधले.

आजही अंतिम इच्छा याच तीन गोष्टींवर तोलली जाते. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर वैद्यकीय महाविद्यालयाला कळवायचे आणि संमती द्यायची ती नातलगांनीच. नेत्रदानाला तर जेमतेम सहा तास मिळतात. मृत्युपत्र मात्र सहसा तेरावे आटोपल्यावर उघडते. म्हणून अंत्यविधीची इच्छा त्या पाकिटात बंद ठेवू नये. ती वेगळ्या कागदावर लिहावी, गावातले नियम आधीच विचारून घ्यावेत, आणि त्या दिवशी जो पुढे होणार आहे त्याला समोर बसवून वाचून दाखवावी.