बेडकांची वही

नवी मुंबईच्या उत्तर टोकास ठाण्याची खाडी व पारसिकचा डोंगर यांमध्यें दिघा वसलें आहे. ही खाडी २०२२ सालीं रामसर कराराच्या यादींत नोंदली गेली, आणि जवळच ऐरोलीस जर्मनीच्या साहाय्यानें उभारलेल्या जैवविविधता केंद्रांत मुलांस खाडीचें जीवन पाहावयास मिळतें. हें उत्तमच, पण बेडकाची जागा ती नव्हे. त्याची कातडी पातळ असल्यानें बहुतेक जाती खाऱ्या पाण्यांत तग धरीत नाहींत. दिघ्यास बेडूक पाहावयाचा तर इलठणपाड्याच्या जुन्या रेल्वे-धरणाकडे व डोंगरपायथ्याच्या पावसाळी डबक्यांकडे वळलें पाहिजे.

पिकावरील कीड खाणारा हा प्राणी आपल्या किती कामाचा, हें शेतकऱ्यास सांगणें नलगे. तरीहि त्याच्या तंगड्या परदेशीं धाडण्याचा व्यापार वर्षानुवर्षें चालला. १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली.

२००८ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें भरलेल्या रामसर परिषदेनें भातखाचरांचें पाणथळ म्हणून महत्त्व मान्य केलें. जपानांतील काबुकुरी तळें तर भोंवतालच्या खाचरांसह २००५ सालींच यादींत आलें होतें. तेव्हां दोन देशांतील शाळांनीं मिळून पाणथळीचा अभ्यास करावयाचा ठरविल्यास आमच्या मुलांजवळ सांगण्यासारखें पुष्कळ आहे.

मात्र देवाणघेवाण कशाची, हें आधीं ठरवावें. जिवंत बेडूक, अंडीं अगर चिखल मुळींच पाठवूं नये. कायट्रिड नांवाची बुरशी बेडकांच्या व्यापाराबरोबर देशोदेशीं पसरली. बेडूक पाणी व क्षार कातडीवाटेंच घेतो. ती बुरशीनें बिघडली कीं हृदय बंद पडून तो मरतो. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें तिच्यामुळें सुमारें ५०० जाती घटल्या, आणि त्यांतील ९० बहुधा नष्टच झाल्या. यास्तव एका डबक्यांतून दुसऱ्यांत उतरण्यापूर्वीं मुलांनीं पायताण धुऊन वाळवावें.

पाठवावयाची ती वही. पहिला आवाज कोणत्या तारखेस, त्या दिवशीं पाऊस किती, अंड्यांचा पुंजका कोठें, पिलांची शेपटी नाहींशी केव्हां झाली, असे रकाने पाडावे. इंग्लंडांतला बेडूक फेब्रुवारी-मार्चांत अंडीं घालतो, आपला पावसाबरोबर. दोन वह्या शेजारीं ठेवल्या कीं ऋतु व पाणी यांचा संबंध मुलांस आपोआप दिसतो. खाचरांत कोणतें औषध कधीं फवारलें, हा रकाना मात्र शेतकऱ्यानें स्वतः भरावा. मुलें तें विचारावयास संकोचतात.