ही गाडी जुलै २०२१ मध्ये कुठं होती?

हा भाग ज्यांनी बसमध्ये उभ्यानं ऐकला आणि निम्मा हॉर्नमध्ये गेला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. माझ्या बोलण्यातले "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

तर विषय सेकंडहँड एसयूव्हीचा. आमच्या घरात पाच माणसं. त्यात आजीचे गुडघे गेलेले, छोट्या गाडीत वाकून बसणं तिला जमत नाही. पप्पा यंदा रिटायर झाले आणि मिळालेल्या पैशातले सात लाख त्यांनी गाडीसाठी बाजूला काढले. एवढ्यात नवीन मिडसाइज एसयूव्ही येत नाही. म्हणून आम्ही २०१८ ची डिझेल क्रेटा बघायला गेलो. एमएच ०९ पासिंग, सिंगल ओनर, ६८ हजार किलोमीटर, पांढरी शुभ्र. मागणी सहा लाख नव्वद हजार, म्हणजे तसल्याच बाकीच्या गाड्यांपेक्षा लाखभर कमी. पप्पांनी टोकन द्यायला जागेवरच मोबाइल काढला.

मी त्यांना थांबवलं. गाडीतलं मला फार कळतं असं नाही. मी बीटेक झालेला, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. पण एखादी गोष्ट गरजेपेक्षा जास्त स्वच्छ दिसली की मला शंका येते.

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आधी पुराचं विचारायला पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, सगळीकडं पाणी. शिरोलीजवळ हायवे बंद. माणसं कशीबशी बाहेर पडली, गाड्या पार्किंगमध्येच राहिल्या. २०२१ च्या त्याच जुलैत चिपळूण आणि महाडही बुडालं. म्हणजे एमएच ०८ किंवा एमएच ०६ ची गाडी स्वस्तात मिळत असेल तरी प्रश्न हाच.

पुरात गेलेली गाडी दुरुस्त होत नाही का? होते, आणि पहिले काही महिने बरी चालतेही. खरा त्रास वायरिंगमध्ये असतो. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधे, खाली फ्लोअरवर असतं. बरेच कनेक्टर सीटखाली असतात. गढूळ पाणी आत गेलं की तांब्यावर हिरवट थर चढत जातो. मग कधी काच खाली जात नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागतो आणि गॅरेजला नेली की विझतो. आमच्याकडं याला रिप्रोड्यूस न होणारा बग म्हणतात. फरक एवढाच, की आमचा बग आला की ॲप बंद पडतं. इथं ऐनवेळी एअरबॅग उघडत नाही.

मी आधी मागितली इन्शुरन्स पॉलिसी. नो क्लेम बोनसचा हिशोब सोपा आहे. क्लेम केला नाही तर पहिल्या रिन्यूअलला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. ही गाडी फेब्रुवारी २०१८ ची. क्लेम नसता तर २०२३ लाच ५० टक्के झाले असते. फेब्रुवारी २०२५ च्या पॉलिसीवर होते ३५. आता उलटं मोजा. २०२५ ला ३५, २०२४ ला २५, २०२३ ला २०, २०२२ ला शून्य. म्हणजे क्लेम फेब्रुवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ च्या मधला. आणि जुलै २०२१ बरोबर मधे बसतो!

हा काही पुरावा नाही हं. बंपर घासल्याचा क्लेमही असू शकतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो. आणि गाडीचा मालक बदलला असेल तर हे गणित लागूच होत नाही, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही.

मग स्कॅनर लावला. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये बसतो, ब्लूटूथवर मोबाइलला जोडतो. स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचं सांगतो, एअरबॅगसाठी गॅरेजचाच लागतो. एरर एकही नव्हता. पण ॲपमध्ये एक ओळ असते, कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर. ती दाखवत होती ११ किलोमीटर. म्हणजे लॉग नुकताच पुसलेला. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, म्हणून मालकांना विचारलं. ते म्हणाले, परवाच सर्व्हिसिंग केलंय.

माझं डोकं एवढंच चाललं. पुढचं काम उद्यमनगरच्या मिस्त्रींचं. पप्पांच्या ओळखीचे, पन्नाशीचे. बोनेट उघडायच्या आधी ते ड्रायव्हर सीटवर बसले आणि म्हणाले, "पट्टा पार शेवटपर्यंत वढून बघा की." सीटबेल्ट पूर्ण बाहेर काढला. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो, तिथं चहाच्या डागासारखी तपकिरी आडवी रेघ होती. सीट कव्हर नवीन, मॅट नव्या, रबर नवीन. पट्टा बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. (बदललेला असेल तर पट्ट्याच्या लेबलवरची तारीख गाडीच्या तारखेशी ताडून बघा.) मग स्टेपनीखालच्या खड्ड्यात बोट फिरवलं तर वाळलेला गाळ, आणि सीटच्या रेल्वेच्या स्क्रूंना गंज.

मालक भला माणूस होता. चिडला नाही. म्हणाला, "मी ॲक्सिडेंट नाही म्हटलं होतं. पुराचं तुम्ही विचारलंच नाही." खरं होतं ते.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. आपण पोचायच्या आधी गाडी सुरू करू नका, असं फोनवरच सांगा. थंड इंजिन लपवाछपवी करत नाही. पन्हाळ्याचा चढ एसी लावून चढवा, क्लच आणि टर्बो दोन्हींची परीक्षा होते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. केए २२ किंवा २३ ची गाडी स्वस्त वाटते, पण बेळगाव-चिकोडीची ती गाडी इथं कायम वापरायची तर तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स धरूनच भाव करा.

परत येताना पप्पा बराच वेळ गप्प होते. तावडे हॉटेलच्या सिग्नलला म्हणाले, "लाखभर स्वस्त म्हणून मीच भुललो." मग घरी आल्यावर त्यांनी मोबाइलमध्ये एक नोट केली, दोनच ओळींची: ऑगस्ट २०१९, जुलै २०२१. आता कुठल्याही गाडीचा फोन लावला की किंमत विचारायच्या आधी ते या दोन तारखा विचारतात. निम्मे लोक तिथंच फोन ठेवतात.

काल इचलकरंजीच्या एका गाडीची पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली. बोनस ५० टक्के. रविवारी मिस्त्रींना घेऊन पट्टा ओढायला चाललोय.