सात-बाराचे दप्तर आणि साठवणूक-जाळ्यातील स्विच

नागपूरच्या प्रतापनगरात राहणाऱ्या खातेदारास गावाकडील जमिनीचा सात-बारा घरबसल्या मिळू शकतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा देण्याची सोय शासनाने १ मे २०१८ रोजी सुरू केली. अशा संगणकीय दप्तराची नोंद डिस्कवर असते. मागणी स्वीकारणारा संगणक व डिस्क यांमधील वाट बंद पडली, तर दप्तर शाबूत असूनही उतारा निघत नाही. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ही वाट सांभाळण्यासाठी साठवणूक-जाळ्यातील स्विच वापरले जातात.

पूर्वी प्रत्येक संगणकाच्या डिस्क त्यालाच जोडलेल्या असत. जोडतार काही मीटरांचीच. संगणक बिघडला की त्याच्या डिस्कही अडकून पडत. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘फायबर चॅनल’ हे मानक मान्य झाले आणि प्रकाशतंतूवरून काही किलोमीटरपर्यंत डिस्क जोडणे शक्य झाले. आरंभी स्वस्त पडे म्हणून सर्व यंत्रे एका वर्तुळात जोडत. त्यात १२६ यंत्रे बसत खरी, पण कालव्याच्या पाण्याप्रमाणे प्रत्येकाने पाळी धरायची! शिवाय एखादे यंत्र जोडले वा काढले, की सर्वांचाच व्यवहार क्षणभर थांबे.

स्विचने ही अडचण दूर केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अनेक जोड्या एकाच वेळी बोलतात, तसेच येथे घडते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रोकेड’ कंपनीचा सोळा जोडमुखांचा ‘सिल्कवर्म’ स्विच १९९७ मध्ये बाजारात आला. तिच्या संस्थापकांपैकी कुमार मलवल्ली हे मूळचे कर्नाटकातील अभियंते. या स्विचच्या प्रत्येक जोडमुखातून सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट माहिती जाई. पुढील यंत्राकडे जागा असल्याची खूण मिळाल्याखेरीज माहिती पुढे पाठवली जात नसे. त्यामुळे गर्दीत ती गळून पडत नसे. कोणत्या संगणकास कोणती डिस्क दिसावी, हेही स्विचवरच ठरवता येऊ लागले. एका खात्याचे दप्तर दुसऱ्याच्या हाती पडू नये, यासाठी ही सोय मोलाची होय.

नंतर ‘डायरेक्टर’ नावाचे मोठे स्विच आले. त्यांत वीजपुरवठा व नियंत्रक दुहेरी. बिघडलेला भाग काम चालू असताना बदलता येतो. तरीही जाणकार एकावर विसंबत नाहीत. ते दोन स्वतंत्र जाळी उभारतात.

येथे एक गैरसमज मात्र हमखास होतो. दुहेरी वाट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्ही वाटांनी सारखीच पुसलेली दिसते. दप्तराची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावीच लागते, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून तपासावे लागते.